डोंगरवाटेवरील धांव

पुण्याच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांत सिंहगड मुळींच न पाहिलेला माणूस क्वचितच आढळेल. रविवारीं पहांटे आतकरवाडीच्या वाटेनें गड गांठावा, वर मडक्यांतलें दहीं व पिठलें-भाकर खावी आणि दुपारच्या आंत घरीं परतावें, हा क्रम वर्षानुवर्षें पाळणारे लोक तर पुष्कळच आहेत. अलीकडे ह्या वाटेवर एक नवा प्रकार दिसूं लागला आहे. जेथून माणसें काठी टेकीत आणि गप्पा मारीत चढतात, तेथूनच हलके बूट घातलेलीं आणि पाठीला घट्ट बसलेली लहानशी पिशवी घेतलेलीं कांहीं माणसें धांवत खालीं येतात. त्यांत चाळिशी ओलांडलेली मंडळीहि असतात, आणि त्यांतील कित्येकांनीं कालपरवांपर्यंत हीच वाट केवळ चालून तुडविलेली असते. ह्या प्रकारास इंग्रजींत ट्रेल रनिंग म्हणतात. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनें २०१५ सालीं त्यास आपल्या शाखांत स्थान दिलें. मराठींत त्यास डोंगरधांव म्हटल्यास कोणाची हरकत असूं नये.

दहा-पंधरा वर्षें डोंगर चढलेल्या माणसास असें वाटतें कीं, आतां पायांचा वेग तेवढा वाढविला म्हणजे झालें. ही समजूत अर्धी खरी आहे. त्याचें हृदय व फुफ्फुसें दीर्घ श्रमांस सरावलेलीं असतात. वाट ओळखण्याची नजर त्याजपाशीं असते, ढग पाहून परत फिरण्याचा शहाणपणा असतो, आणि भूक लागण्यापूर्वीं खावें हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. सडकेवर धांवणाऱ्या उत्तम धांवपटूपाशींहि ह्यांतील पुष्कळसें नसतें. तथापि समजुतीचा जो अर्धा भाग खोटा आहे, तोच त्याला महिना दोन महिने घरीं बसवूं शकतो. म्हणून तो कोणता हें आधींच समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम चढाचा विचार करूं जातां एक जुना हिशेब उपयोगी पडतो. विल्यम नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं चालणारांसाठीं असा आडाखा घालून दिला कीं, दर तीन मैलांस एक तास धरावा आणि शिवाय दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. आतकरवाडीची वाट सुमारें तीन किलोमीटरांची आणि तिचा चढ सुमारें ६०० मीटरांचा, म्हणजे दोन हजार फुटांच्या अगदीं जवळ. तेव्हां अंतरासाठीं सदतीस मिनिटें व चढासाठीं एक तास, असा एकंदर दीड तासाहून थोडा अधिक वेळ होतो. नेहमीं जाणारे लोक ह्याहून पुष्कळ लवकर पोंचतात, तें असो; पण ह्या हिशेबांत लपलेली गोष्ट महत्त्वाची आहे. तीन किलोमीटरांच्या अंतरापेक्षां ६०० मीटरांची उंचीच अधिक वेळ खाते. अंतर धांवून लवकर तोडतां येतें. उंची मात्र शरीराचें सारें वजन उचलूनच कमवावी लागते, मग पाय चालोत कीं धांवोत.

म्हणूनच अनुभवी डोंगरधांवपटू खड्या चढावर धांवत नाहींत, चालतात. चढ सुमारें पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे गेला म्हणजे त्याच वेगानें धांवण्यापेक्षां चालण्यास कमी शक्ति लागते, असें प्रयोगांनींहि दिसून आलें आहे. अंग किंचित् पुढें झुकवून, हात मांड्यांवर दाबून, लहान पावलांनीं ते झपझप वर जातात. नवशिक्या मात्र चालतांना कोणी पाहील तर काय म्हणेल, ह्या लाजेनें धांवत राहतो आणि अर्ध्या वाटेवर धापा टाकीत दगडावर बसतो. ह्या लाजेस वस्तुतः कांहींच कारण नाहीं. माँ ब्लाँ पर्वतास वळसा घालणारी प्रसिद्ध शर्यत २००३ सालीं सुरू झाली. तिचें अंतर सुमारें १७० किलोमीटर आणि एकूण चढ सुमारें १०,००० मीटर आहे. ती पुरी करण्यास साडेशेचाळीस तासांची मुदत असते. म्हणजे तासाला पावणेचार किलोमीटरांहूनहि कमी सरासरी पुरते. सायंकाळीं बागेंत फिरावयास निघालेले आजोबा ह्याहून फारसे मागें राहणार नाहींत.

खरा प्रश्न उताराचा आहे. चढतांना मांडीचा पुढचा स्नायु आंखडतो आणि आंखडतांना अंग वर उचलतो. उतरतांना त्याच स्नायूला उलट काम करावें लागतें. तो ताणला जात असतांनाच त्याला ब्रेकाप्रमाणें शरीराचा भार आवरून धरावा लागतो, आणि धांवतांना हा भार प्रत्येक पावलागणिक वजनाच्या दुपटीहून अधिक होतो. अशा ताणानें स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. चमत्कार असा कीं, हें सर्व चाललें असतां दम मुळींच लागत नाहीं. बेताच्या उतारावर धांवण्यास सपाटीपेक्षांहि कमी शक्ति लागत असल्यामुळें श्वास शांत असतो, वारा अंगाला लागत असतो, आणि जुना चालणारा निश्चिंतपणें धांवत सुटतो. त्याचें फळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मिळतें. त्या दिवशीं घराचा जिना कठडा दोन्ही हातांनीं धरून आडव्या पावलांनीं उतरावा लागतो, आणि घरच्या मंडळींना हंसूं आवरत नाहीं.

ह्यावर तोड शरीरानेंच काढून ठेविली आहे. एकदां असा ताण सोसलेला स्नायु पुढील कांहीं आठवडे तोच ताण पुष्कळ कमी त्रासानें सोसतो. पहिली मात्रा लहान असावी, एवढीच अट आहे. गड चालत चढावा, चालतच उतरावा, आणि पायथ्याजवळचा सोपा टप्पा तेवढा दहा मिनिटें धांवावा; हें आठवड्यांतून एकदां पुरे. पुढें हा टप्पा हळूहळू वरच्या बाजूस वाढवीत न्यावा. परंतु स्नायु जितक्या लवकर शिकतात तितक्या लवकर कंडरा आणि हाडें शिकत नाहींत. त्यांना महिनेच्या महिने लागतात. चालणाराची वर्षांची कमाई घात करते ती येथें. छातीला सहज झेपतें तें टांचेवरच्या कंडरेला झेपत नाहीं, आणि छाती तक्रार करीत नसल्यामुळें माणूस थांबत नाहीं. जो मुळांत दुबळा आहे त्याला दमच थांबवितो. ह्याला थांबविणारें कोणी नसतें.

उतरण्याची रीतहि निराळी आहे. चालणारा भीतीनें मागें रेलतो व टांच पुढें रोवतो. मुरमाड वाटेवर हीच टांच सर्वांत आधीं घसरते. धांवणारानें पावलें लहान आणि जलद टाकावीं. पाय शरीराच्या खालींच पडावा, गुडघा ताठ नसावा, हात तोल सांवरण्यापुरते फांकलेले असावेत आणि नजर चार-पांच पावलें पुढें असावी. जेथें नजर पोंचत नाहीं, तेथें सरळ चालावें. बुटांविषयीं इतकेंच कीं, घोट्यापर्यंतचे जड बूट धांवण्यास सोयीचे नाहींत. प्रत्येक पायांतील १०० ग्रॅम वजनामागें धांवण्याचा खर्च सुमारें एक टक्क्यानें वाढतो. खोल दांतांचा तळ मातीवर आणि घसाऱ्यावर चांगला रुततो, पण पावसाळ्यांत शेवाळलेल्या कातळावर कोणत्याहि किमतीचा बूट कामास येत नाहीं.

पिशवीचा विषय मात्र असा थोडक्यांत उरकण्याजोगा नाहीं. चालणाराच्या पाठीवर पाणी, जेवण, जाडा कपडा, विजेरी, औषधें असें सारें असतें, आणि तें तो निमूटपणें वाहतो. धांवूं लागल्यावरचा पहिला आनंद ह्या ओझ्यांतून सुटण्याचा असतो. पण त्यांतील काय टाकावयाचें हें ठरवितांना चीनच्या कान्सू प्रांतांतील एक घटना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तेथें २२ मे २०२१ रोजीं शंभर किलोमीटरांची डोंगरी शर्यत झाली आणि १७२ धांवपटू निघाले. दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यांमधील उघड्या चढावर, जेथें वाहन पोंचूं शकत नव्हतें, गारा, गोठविणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा ह्यांनीं त्यांना गांठलें. पुष्कळांच्या अंगांत अर्धी चड्डी व पातळ सदरा एवढेंच होतें. वारा अडविणारें जाकीट बरोबर बाळगणें सक्तीचें नव्हतें, आणि कित्येकांनीं तें सामानाबरोबर पुढच्या ठाण्यावर पाठवून दिलें होतें. एकवीस माणसें मरण पावलीं, आणि त्यांत त्या देशांतील अग्रगण्य धांवपटू होते. त्याच डोंगरांत मेंढ्या चारणाऱ्या एका माणसानें सहा जणांना आपल्या गुहेंत आसरा देऊन व शेकोटी पेटवून वांचविलें. अशा दिवसासाठीं त्यानें त्या गुहेंत कपडे आणि शिधा आधींच ठेविला होता.

धांवणारा माणूस धांवत असेपर्यंत त्याचें शरीर भट्टीप्रमाणें ऊब निर्माण करितें. तो भिजला, थकला, पाय मुरगळून बसला कीं भट्टी मंदावते आणि ओले कपडे व वारा मिळून उरलेली ऊब भराभर नेतात. सह्याद्रींत बर्फ नाहीं हें खरें; तरी आषाढांत १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर ओल्या अंगानें अर्धा तास बसून राहिलेल्या माणसास दांतखिळी म्हणजे काय तें सांगावें लागत नाहीं. उलट फाल्गुनापासून काळा कातळ सकाळीं दहाच्या आंतच तापतो, आणि उघड्या सोंडेवर सांवलीचें एक झाडहि नसतें. तेव्हां जेवणाचा डबा घरीं राहिला तरी चालेल. पण पाणी, थोडें मीठ-साखर, विजेरी, शिट्टी, पट्टी आणि वारा अडविणारें पातळ जाकीट ह्यांवर काट मारूं नये. पाणी तेवढें भरपूर व मीठ कांहींच नाहीं, हेंहि लांबच्या धांवेंत धोक्याचें असतें. फार पाणी प्याल्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरून माणूस बेशुद्ध पडूं शकतो.

शेवटीं राहिली ती वाटेवरच्या इतर मंडळींची गोष्ट. सिंहगडाची वाट धांवणारांसाठीं केलेली नाहीं. तीवरून लहान मुलें, वडीलधारी माणसें आणि डोक्यावर दह्याची मडकीं घेतलेल्या बायाबापड्या चढउतार करितात. वरून गडगडत येणारा एक दगड त्यांतील कोणाच्याहि डोक्यांत बसूं शकतो. माणसें दिसतांच चालीवर यावें, लांबूनच हांक द्यावी आणि चढणाराला वाट द्यावी. ज्याला उतार धांवून शिकावयाचा आहे, त्यानें त्यासाठीं रविवार सोडून दुसरा वार निवडावा.