पंचवीस पदार्थ आणि एक पान

घरीच शिकणाऱ्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी प्राण्यांचा आठवडा आखायला बसलं, की एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे चित्रपुस्तक हमखास हाताशी येतं. सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, असं करत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केकपासून सलामीपर्यंत दहा पदार्थ. वार, आकडे, फळं सगळं एका गोष्टीत सापडतं, शिवाय त्याने खाल्लेल्या जागी पुस्तकाच्या पानांना खरीखुरी भोकं आहेत आणि मूल त्यांत बोट घालतंच. मग आखणी भराभर होते: वारांच्या पट्ट्या, फळांची वर्कशीट, अंड्यांच्या ट्रेचा सुरवंट. पण बेरीज करून पाहावी. शनिवारपर्यंत पंचवीस पदार्थ होतात आणि रविवारी एक हिरवं पान. इतकं खाऊन दुखू लागलेलं सुरवंटाचं पोट बरं होतं ते त्या पानाने, आणि खरा सुरवंट या यादीतलं खाईल तर पानच. तरीही आठवड्याचा सगळा वेळ पंचवीस पदार्थ कातरण्या-चिकटवण्यात जातो आणि पानाच्या वाट्याला हिरव्या कागदाचा तुकडा येतो. आखणी त्या पानापासून सुरू व्हायला हवी.

आपल्याकडे हे पान शोधायला लांब जावं लागत नाही. खिडकीतल्या कुंडीत लिंबाचं रोप असलं, की लाइम बटरफ्लायची मादी कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालून जाते. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन येते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्लू मॉरमॉनचे सुरवंटही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. लिंबावरचा लहान सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, शेवटची कात टाकल्यावर हिरवा होतो. त्याला हलकेच डिवचलं, तर डोक्यामागून दुभंगलेलं लालसर शिंग बाहेर येतं आणि आंबूस, उग्र वास सुटतो. कोणत्याही वर्कशीटला हा वास नाही. शत्रूला हाकलायला केलेला हा वास एकदा नाकात गेला, की सुरवंट चित्रातला राहत नाही; त्याला भीती वाटते, तो स्वतःला वाचवतो, हे मुलाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. आकडेही इथे मिळतात. आज किती पानं कुरतडली, कात कोणत्या वारी टाकली, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडता येतं.

यावर कुणी म्हणेल, मग हे परदेशी पुस्तक हवंच कशाला? त्यातला सुरवंट स्वतःभोवती घर बांधतो आणि ते कुरतडून बाहेर येतो. लिंबावरचा सुरवंट मात्र कमरेला रेशमी धागा बांधून फांदीला टेकतो आणि त्याचा कोष उघडाच असतो. पुस्तक ठेवायचं ते नेमकं यासाठी. चार वर्षांचं मूल दोन गोष्टी शेजारी ठेवून वेगळेपण नक्की सांगू शकतं, आणि छापलेलं ताडून पाहायची सवय त्या वयात लागली तर फार मोलाची आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. नोकरी सांभाळून आखणी करणाऱ्या आईला जिवंत प्राण्याची भर नको वाटणं स्वाभाविक आहे. पण कातरकामाची तयारी आदल्या रात्री करावी लागते, कुंडीला पाणी पुरतं. ताराबाई मोडकांनी १९४५पासून बोर्डीत बालशिक्षणाचं काम केलं, ते महागड्या साधनांवर अडून न राहता पानं, बिया, शंख-शिंपल्यांवर उभं केलं. त्यांना जे तिथल्या आदिवासी पाड्यांत जमलं, ते शहरातल्या घरात जमायला हरकत नसावी.

खरा अवघड आक्षेप मरणाचा आहे. पुस्तकातला सुरवंट शेवटी फुलपाखरू होतोच. कुंडीतल्याचं तसं नसतं. एखाद्याला पक्षी उचलतो, एखाद्याच्या अंगात गांधीलमाशीच्या जातीचा कीटक अंडी घालतो आणि कोषातून भलतंच काही बाहेर पडतं. मुलाला हे दिसू नये म्हणून सुरवंट बरणीत कोंडण्यापेक्षा दोन-तीन रोपं ठेवावीत, त्यांवर कीटकनाशक मारू नये, आणि एक सुरवंट नाहीसा झालाच तर त्या दिवशीचं ठरवलेलं क्राफ्ट बाजूला ठेवून मूल जे विचारेल त्याला खरं उत्तर द्यावं.