जैसे थे!
(लेखमाला : संघात की संघाबाहेर? लेखांक पाचवा)

गेले दोन आठवडे आपण लंडनच्या संसदेत अडकून पडलो होतो. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी संघाशी केलेला करार 15 जानेवारी 2019 रोजी 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला गेला. मार्चमध्ये आणखी दोनदा तीच गत झाली आणि बाहेर पडण्याची 29 मार्चची मुदत आधी एप्रिलवर, मग ऑक्टोबरअखेरीवर गेली. एवढी जाणती माणसं एका मसुद्यावर का येईनात, असं वाटत असेल तर आज जरा औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला या.

शेंद्र्याच्या एमआयडीसीतून निघालेला ट्रक आता नाशिकच्या वाटेवर सीमाशुल्कासाठी थांबत नाही. निजामी अमलात हे गाव हैदराबाद संस्थानात, म्हणजे लोकांच्या भाषेत मोगलाईत होतं. हद्दीवर करोडगिरीचा नाका, आणि चलनही वेगळं: शंभर कलदार (इंग्रजी) रुपयांना सुमारे 116 हाली (निजामी). ब्रिटनला संघातून बाहेर पडायचं होतं, हैदराबादला मुळात भारतीय संघात यायचंच नव्हतं. शिवाय ब्रिटनमध्ये निदान जनमत घेतलं गेलं होतं. इथे जून 1947 मध्ये निजामाने फर्मान काढलं की आपण कोणत्याच घटना समितीत प्रतिनिधी पाठवणार नाही. दीड कोटीहून जास्त प्रजेला कुणी विचारलं नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने 7 ऑगस्टला सत्याग्रह सुरू केला, तेव्हा प्रजेने न विचारताच उत्तर दिलं.

सामील व्हायचं की नाही हे ठरवायला दिल्लीने हैदराबादला दोन महिने वाढवून दिले. निजामाच्या बाजूने बोलायला त्याचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब आणि सर वॉल्टर मॉन्क्टन होते. हे मॉन्क्टन म्हणजे आठव्या एडवर्डच्या राजत्यागावेळचे सल्लागार. अवघड अशिलांची त्यांना सवय होती. घासाघीस करून ऑक्टोबरमध्ये मसुदा तयार झाला. विलीनीकरण तूर्त बाजूला ठेवायचं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांबाबत इंग्रजांच्या काळात होती ती व्यवस्था वर्षभर तशीच चालवायची. निजामाच्या कार्यकारी मंडळाने हा मसुदा सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. निजामही राजी झाला, फक्त सही उद्यावर ठेवली.

त्या ‘उद्या’त सगळं बिनसलं. 27 ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादुल मुसलमीन या मुस्लिम संघटनेच्या हजारोंच्या जमावाने वाटाघाटी करणाऱ्यांच्या घरांना वेढा घातला, त्यांना दिल्लीचं विमान गाठू दिलं नाही. संघटनेचा नेता कासिम रझवी, लातूरचा वकील. त्याने निजामाला पटवलं की भारत काश्मीरमध्ये गुंतलाय, आता ताणून धरलं तर जास्त मिळेल. छत्तारींनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. नवं शिष्टमंडळ दिल्लीला गेलं आणि 29 नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करारावर सह्या झाल्या. कलमं जवळजवळ तीच, महिन्याभरापूर्वी नाकारलेली! मग मिळवलं काय? करार केला तो आपल्या दबावामुळे, असं सांगण्याची सोय रझवीला झाली. मसुद्यात खोट नव्हती. सही करणाऱ्याच्या पाठीमागे उभी असलेली माणसं त्याला सही करू देत नव्हती. मे यांनाही ब्रसेल्सने अडवलं नव्हतं. पाडाव केला तो स्वपक्षीयांनी.

वर्षभराचा अवधी मिळाला, पण दोघांनी तो दोन वेगळ्या कामांसाठी वापरला. दिल्लीला वाटत होतं, विलीनीकरणाची वाट मोकळी होतेय. हैदराबादने भारतीय चलनावर निर्बंध घातले आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज देऊ केलं. दुसरीकडे भारताने माल अडवल्याची तक्रार निजाम सरकार करत राहिलं, आणि तीही अगदीच निराधार नव्हती. या घोळाचा भुर्दंड मराठवाड्यातल्या गावांनी भरला. रझवीच्या सशस्त्र रझाकारांची लूट, जाळपोळ, परागंदा झालेली कुटुंबं, स्टेट काँग्रेसच्या हद्दीपलीकडच्या शिबिरांतून नाक्यांवर होणारे हल्ले हे सगळं याच ‘जैसे थे’ वर्षातलं. लंडनमधल्या दिरंगाईने व्यापारी वैतागले. इथल्या दिरंगाईत माणसं मेली. म्हणून ही तुलना मी इथेच थांबवतो.

जून 1948 मध्ये गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांनी जाता जाता आणखी एक मसुदा पुढे केला. तो इतका सैल होता की पटेलांनी त्याला मान्यता दिली याचंच नवल. सार्वमताची तरतूदही होती. निजामाने तोही नाकारला. ऑगस्टमध्ये हैदराबादने प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेलं. तिथे 16 सप्टेंबरला चर्चा सुरू झाली, तेव्हा भारताने हैदराबादवर सुरू केलेल्या लष्करी ‘पोलीस कारवाई’चा चौथा दिवस होता आणि औरंगाबाद भारतीय फौजांच्या हाती आलं होतं. 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

पण एक धागा लंडनमध्ये लोंबकळत राहिला. शरणागतीनंतर तीन दिवसांनी हैदराबादच्या तिथल्या खात्यातले दहा लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांकडे वळवले गेले. निजामाने ते परत मागितले, बँकेने कुणालाच दिले नाहीत. एकाहत्तर वर्षांत रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली. अखेर इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने निजामाचे वारस आणि भारत यांच्या बाजूने निकाल दिला, 2 ऑक्टोबर 2019 रोजी. त्याच दिवशी मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी आयर्लंडच्या सीमेबाबतचा नवा प्रस्ताव ब्रसेल्सला धाडला. पुढच्या आठवड्यात तोच उघडून पाहू.