अक्कल खेळाडूची की पात्राची?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राचा कारभार पाहतो आणि बाकीच्या साऱ्या जगाची मुखत्यारी 'गेम मास्टर' नावाच्या एकाच व्यक्तीकडे असते. या खेळांत पात्राच्या यशापयशाचा निवाडा खेळाडूच्या अकलेने व्हावा, की पात्राच्या कागदावर नोंदलेल्या अंकांनी आणि फाशांनी व्हावा, ही तकरार पन्नास वर्षे चालू आहे. दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात, आणि ती साक्ष बहुधा अर्धवट असते.

जुन्या पठडीचा अभिमान बाळगणारे असे धरून चालतात की, १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा सारी मदार खेळाडूच्या चातुर्यावर होती, आणि फाशांचे राज्य मागाहून आले. मूळ पुस्तिका उघडल्या तर हा दावा टिकत नाही. बल, बुद्धी, शहाणपण, प्रकृती, चापल्य आणि व्यक्तिमत्त्वाची छाप हे सहा गुण तीन-तीन फासे टाकून ठरवण्याची तजवीज त्यांतच आहे. विषबाधेतून पात्र वाचते की नाही, हे वीस बाजूंच्या फाशावर सोपवलेले आहे. आणि वाटेत भेटलेला राक्षस सलोख्याने वागेल की अंगावर येईल, याचा निर्णयही दोन फाशांच्या बेरजेवर सोडलेला आहे. तथापि या समजुतीला काहीच आधार नाही, असेही नव्हे. गायगॅक्सने १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनात चालवलेल्या आणि १९७८ साली स्वतंत्रपणे छापलेल्या 'टूम ऑफ हॉरर्स' या साहसात, प्रवेशमार्गाच्या टोकाला, भिंतीवर एका हिरव्या सैतानाचा चेहरा कोरलेला असून त्याच्या वासलेल्या तोंडात निव्वळ काळोख दिसतो. त्या काळोखात जे जे शिरते ते तत्क्षणी नाहीसे होते, आणि बचावाचा फासा टाकण्याची मुभा नाही. आधी काठी खुपसून पाहणारा काठी गमावतो. उडी घेणारा प्राण गमावतो, मग त्याच्या कागदावर बल अठरा असो की आठ.

कौशल्यांच्या याद्या या अलीकडच्या आळशी खेळाडूंसाठी काढलेली पळवाट होय, हा दुसरा आक्षेप. वस्तुतः १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीतच चोर हा पात्रवर्ग आला, आणि कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, सावलीत लपणे यांसाठी त्याला टक्केवारी मिळाली. ती फारशी उदारही नव्हती : याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात नवख्या चोराला कुलपासाठी १५ टक्के आणि सापळ्यासाठी १० टक्के एवढाच भरवसा आहे. गंमत अशी की, इतरांनी लपू नये असा हुकूम कुठेही जारी झालेला नसताना, चोराच्या नावे आकडा छापला गेल्यामुळे अनेक टेबलांवर बाकीच्यांचे लपणेच बंद झाले. एकाला सनद मिळाली आणि इतरांची वहिवाट बुडाली. खरे नुकसान झाले असेल तर ते इथे झाले, यादी असण्याने नव्हे. १९७७ चा 'ट्रॅव्हलर' आणि १९७८ चा 'रूनक्वेस्ट' या खेळांनी तर कौशल्ये सर्वच पात्रांना खुली केली.

फासा आला की खेळाडूची अक्कल निरुपयोगी होते, हा समज मला सर्वांत चुकीचा वाटतो. समजा, एका सावकाराच्या मेजाच्या खणात चोरकप्पा आहे. एक खेळाडू "मी खोली शोधतो" एवढेच म्हणतो. गेम मास्टर पंधराची मर्यादा ठरवतो, पात्राला तीनची भर मिळते, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर बारा किंवा अधिक पडले पाहिजेत, आणि तशी शक्यता ४५ टक्के. दुसरा म्हणतो, "खण पुरता बाहेर ओढतो आणि त्याची उंची बाहेरून व आतून मोजून पाहतो." बाहेरून सहा बोटे आणि आतून चारच भरली, तर फाशाला विचारायचे काय उरले? 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियमही हेच सांगतात की, निष्पत्ती अनिश्चित असेल तेव्हाच फासा टाकावा. शिवाय मेजाकडे वळावे की खिडकीकडे, हे सुचवणारा फासा कोणी केलेला नाही.

वादाची खरी गाठ वक्तृत्वापाशी आहे. बलदंड योद्ध्याचे पात्र घेणाऱ्याला कोणी धोंडा उचलून दाखवायला सांगत नाही. मात्र वाक्पटू दूताचे पात्र घेणाऱ्या भिडस्त खेळाडूकडून लोक बेलाशक भाषणाची अपेक्षा करतात. नियमांची तशी सक्ती नाही. त्याच पाचव्या आवृत्तीच्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात पात्राच्या तोंडून बोलणे आणि पात्र काय बोलते याचे नुसते वर्णन करणे, हे दोन्ही मार्ग दिलेले आहेत. अशिलाने मुद्दा सांगावा आणि मांडणी वकिलाने करावी, तसा हा व्यवहार आहे. द्वारपालाला काय देऊ करायचे, कशाची भीती घालायची, हे खेळाडूने ठरवावे. ते सफाईने उतरले की नाही, हे पात्राच्या अंकांनी आणि फाशाने. हाच न्याय वाचाळ खेळाडूलाही लागू करावा, कारण व्यक्तिमत्त्वाच्या छापेचा अंक जाणूनबुजून खाली ठेवायचा आणि मग स्वतःच्या जिभेवर दरबार जिंकायचा, ही लबाडीच होय.

फाशावर वीस पडले की काहीही साधते, ही समजूत तर नियमांतच नाही. २०१४ च्या नियमांत वीस पडताच हमखास यश मिळते ते हल्ल्याच्या फाशात. कौशल्याच्या फाशात वीस हा केवळ एक मोठा अंक आहे, आणि राजा त्यापायी सिंहासन सोडत नाही.

फाशांचा अतिरेक कुठे नडतो, हे १९८१ च्या 'कॉल ऑफ कथूलू' या खेळाने दाखवले. त्यात ग्रंथालय धुंडाळण्याचे मूळ कौशल्य २५ टक्के होते. ज्याने ते वाढवलेले नाही त्याचा फासा चुकला, आणि शोधाचा एकमेव दुवा त्याच ग्रंथालयात असला, की रहस्य तिथेच अडते. खेळरचनाकार रॉबिन लॉज यांनी पुढे 'द एसोटेररिस्ट्स' या खेळात गमशू ही पद्धत आणली ती यावर उपाय म्हणून : योग्य जागी योग्य कौशल्य वापरले की मुख्य दुवा फाशाविनाच हाती यावा. दुवे जुळवून गुन्हेगार ओळखणे हे खेळाडूंचे काम. 'कॉल ऑफ कथूलू'च्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठीही बुद्धीच्या पाचपट टक्क्यांचा 'आयडिया' फासा होता. मात्र तो टाकायची वेळ आली की टेबलाभोवतीचे सगळेच थोडे ओशाळतात.