चित्रपट-महोत्सव आणि प्रेक्षकांची चर्चा

मुंबईत १९९७ पासून, पुण्यात २००२ पासून आणि गोव्यात २००४ पासून चित्रपट-महोत्सव भरत आले असून, या तिन्ही ठिकाणी जाणाऱ्या वाटा पनवेलवरून फुटत असल्यामुळे आमच्या गावच्या रसिकाला देशोदेशींचे चित्रपट पाहण्याची सोय इतर अनेक तालुक्यांच्या गावांपेक्षा अधिक आहे; मात्र पाहिलेल्या चित्रपटावर चार जाणत्यांत बसून बोलण्याची सोय गावातच असावी लागते, आणि महोत्सवाचा इतिहास पाहिला तर त्याचे खरे फळ या बोलण्यातूनच पदरात पडलेले दिसते.

चित्रपट-महोत्सवाच्या प्रथेचा आरंभ १९३२ साली व्हेनिसजवळच्या लिडो बेटावर झाला. तेथील द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाच्या चालकांनी चित्र-शिल्पांच्या पंक्तीस चित्रपटाला बसविले, आणि अवघ्या पाच वर्षांनी, १९३७ साली, त्याच महोत्सवात प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’चा विशेष उल्लेख होऊन गौरव झाला. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी विष्णुपंत दामले हे मूळचे पेणचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्याचे. दुसरे शेख फत्तेलाल. मराठी अभंगाचा एक शब्दही न समजणाऱ्या परीक्षकांना या चित्रपटात काय भावले असेल, याचा विचार करताना मला तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांच्या प्रसन्न मुद्रेइतकीच गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली तुकोबांची पत्नी जिजाई आठवते. पोर आजारी पडले म्हणून संतापाने पायताण हाती घेऊन देवळात पांडुरंगाला जाब विचारायला निघालेली ती संसारी बाई समोर असल्यामुळेच तुकोबांचे वैराग्य आपल्याला खरे वाटते, असे माझे मत आहे. आणि या मताशी भांडणारा कोणी भेटला, तर मला तो हवाच आहे.

पुढच्याच वर्षी व्हेनिसचे सर्वोच्च पारितोषिक नाझी जर्मनीच्या ‘ऑलिम्पिया’ला वाटून दिले गेले, तेव्हा त्यामागच्या सरकारी दडपणाला विटलेल्या फ्रेंचांनी कान येथे स्वतंत्र महोत्सवाचा घाट घातला, तो १९३९ साली महायुद्धाने बारगळून अखेर १९४६ मध्ये पार पडला, आणि त्यात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च सन्मानात वाटा मिळाला.

आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भरविला. त्यात दाखविलेल्या इटालियन ‘बायसिकल थीव्ज’मध्ये, सायकल चोरीस गेल्याने रोजगारास मुकलेला बाप शेवटी स्वतः चोरी करताना पकडला जातो, लोक त्याला मारतात, आणि हे सारे पाहणारा त्याचा लहान मुलगा गर्दीतून पुढे येऊन बापाचा हात धरतो. भव्य सेट आणि गाणी यांवाचून चित्रपट माणसाला इतका हलवू शकतो, हे आपल्या चित्रकर्त्यांनी त्या महोत्सवात प्रत्यक्ष पाहिले. बिमल रॉय यांचा १९५३ सालचा ‘दो बिघा जमीन’ याच संस्कारातून निपजला आणि पुढच्या वर्षी कानला गौरविला गेला.

महोत्सव दहा दिवसांत आटोपतो. प्रेक्षक घडविण्याचे काम मात्र वर्षभर चालणाऱ्या फिल्म सोसायट्यांनी केले. कलकत्त्यात सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली अशी मंडळी जमविली, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले, आणि पुण्यात प्रा. सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’तील एकेक दृश्य उलगडून दाखवीत चित्रपट वाचावयास शिकवीत. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसमध्ये पारितोषिके मिळाली, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा, परंतु तो पाहून, न्यायालयातील त्या लांबलचक दृश्यांत कॅमेरा दूर का उभा ठेवला असेल, यावर आपण एकमेकांशी बोललो का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पनवेलला वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे आणि वाचनाची जुनी आवड आहे. तेव्हा गावातील वाचनालयांच्या चालकांना माझी विनंती आहे, की महिन्यातून एक संध्याकाळ त्यांनी चित्रपटासाठी राखून ठेवावी, आणि चित्रपट संपल्यावर लोकांना निदान तासभर बोलू द्यावे. पहिला चित्रपट ‘संत तुकाराम’ असावा.