अंतर अधिक, वेळ कमी

सन 2016 च्या ऑक्टोबर महिन्यात एअर इंडियाने आपल्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या थेट उड्डाणाचा मार्ग बदलला. तोपर्यंत हे विमान पश्चिमेकडे वळून अटलांटिक महासागरावरून जात असे. आता ते पूर्वेकडे झेपावून पॅसिफिक ओलांडू लागले. जुनी वाट सुमारे 13,900 किलोमीटरची, तर नवी सुमारे 15,300 किलोमीटरची! चौदाशे किलोमीटरचा हा वळसा पत्करूनही प्रवास सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर, आटोपला.

याचे रहस्य वाऱ्यात आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वायुप्रवाह ‘जेट स्ट्रीम’ या नावाने ओळखले जातात. विमान हवेतून किती वेगाने जाते हे एक, आणि ती हवा स्वतः कोणत्या दिशेने सरकत आहे हे दुसरे. नदीच्या ओघात नाव सोडणाऱ्या नावाड्यास हे सांगावे लागत नाही. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी 900 किलोमीटर आहे. समोरून ताशी 25 किलोमीटरचा वारा असेल, तर 13,900 किलोमीटर कापण्यास जवळजवळ सोळा तास लागतील. मागून ताशी 140 किलोमीटरचा वारा लाभल्यास 15,300 किलोमीटर पावणेपंधरा तासांच्या आतच पार पडतील. इंधनाचा खर्च बव्हंशी इंजिने किती तास चालली यावर ठरत असल्याने ही बचत हिशेबाच्या वहीतही उमटते.

पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास या दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट सुमारे 12,400 किलोमीटर भरते आणि ती थेट उत्तर ध्रुवाच्या परिसरातून जाते. सपाट नकाशावर हे ध्यानी येत नाही.

देशांतर्गत प्रवासातही याचा प्रत्यय येतो. हिवाळ्यात दिल्लीहून गुवाहाटीस जाताना लागणाऱ्या वेळेपेक्षा परतीस अधिक वेळ लागतो. मुंबई–दिल्ली हे हवाई अंतर अवघे 1,140 किलोमीटरच्या आसपास. तरीही वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ दिलेला असतो. कारण वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीसाठीची रांग आणि गर्दीच्या वेळी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या, सारे तीत आले. विमान ‘वेळेआधी’ उतरल्याची सुखद घोषणा अनेकदा या राखीव मिनिटांचीच किमया असते!

पुढील विमान गाठायचे असेल, तर नुसत्या अंतरावरून वेळेचा अंदाज बांधू नये. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असल्यास, पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे हुकले तर पर्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी सामान्यतः विमान कंपनी घेते. स्वस्त मिळाली म्हणून स्वतंत्रपणे काढलेल्या दोन तिकिटांना हे संरक्षण बहुधा नसते, आणि दुसऱ्या तिकिटाचे पैसे प्रवाशाच्याच खात्यातून जातात.