मलकपेठेतला गेमिंग संगणक : तयार घ्यावा की जुळवावा?

हैदराबादच्या मलकपेठेतल्या मध्यमवर्गीय घरात मुलासाठी गेम खेळता येईल असा संगणक घ्यायचं ठरलं, की गेली वीस वर्षं तोच वाद होतो. वडील म्हणतात, कंपनीचा तयार घेऊ. मुलगा म्हणतो, सुटे भाग आणून जुळवू. जुळवलेला स्वस्त आणि तयार महाग, असं सगळेच धरून चालतात. मागे वळून हिशेब मांडला, तर ही समजूत बरीच वर्षं खरी होती आणि मधे काही काळ साफ खोटी ठरली. उत्तर तीनदा पालटलं आणि तिन्ही वेळा एखाद्याच सुट्या भागाच्या भावामुळे पालटलं.

बाजाराची जागा मात्र फारशी बदलली नाही. हैदराबादेत संगणकाचे सुटे भाग म्हटलं की सिकंदराबादच्या पार्क लेनमधलं चेनॉय ट्रेड सेंटर, सगळ्यांच्या तोंडी 'सीटीसी'. शहरात एमएमटीएस लोकल 2003 साली सुरू झाली. मलकपेठ स्टेशनावर चढलं की काचीगुडा, विद्यानगर करत ती थेट सिकंदराबादला पोचवते. वायर, कनेक्टर असल्या बारीकसारीक वस्तूंसाठी कोठीची गुजराती गल्ली जवळच. दुकानदाराशी बोलणं दखनीत, घरी सल्लामसलत मराठीत. नांदेड-परभणीकडचे नातेवाईक काचीगुड्याला उतरले की त्यांचीही खरेदी याच बाजारात.

वीस वर्षांपूर्वी दोनच शब्द होते, 'ब्रँडेड' आणि 'असेंबल्ड'. असेंबल्ड म्हणजे स्वतः जुळवलेला असं नव्हे. यादी आपण द्यायची, जुळवणी दुकानदार करायचा. एचसीएलने 2005 साली 9,990 रुपयांचा संगणक बाजारात आणला. त्यात व्हिया कंपनीचा प्रोसेसर आणि लिनक्स होतं. अभ्यासासाठी, टायपिंगसाठी तो ठीक होता. पण त्याच वर्षी संगणकावर आलेल्या 'जीटीए सॅन आंद्रेयास'ला किमान 64 एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागायचं. स्वस्त तयार संगणकांत वेगळं ग्राफिक्स कार्ड क्वचितच असे, चित्राचं सगळं काम मदरबोर्डवरच्या चिपसेटवर पडे. असेंबल्डमध्ये आज मदरबोर्ड-प्रोसेसर घेऊन सहा महिन्यांनी कार्ड बसवता येई. हप्त्याहप्त्याने वाढवता येणारा संगणक ही मध्यमवर्गाची खरी सोय होती आणि जुळवणीच्या बाजूने कौल तिथेच पडला.

त्या कौलावर खरं शिक्कामोर्तब 2014 ते 2018 या काळात झालं. फेब्रुवारी 2014 मध्ये आलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स 750 टीआय अवघ्या 60 वॅटवर चालायचं. ऑक्टोबर 2016 मधलं 1050 टीआय 75 वॅटचं. मदरबोर्डचा स्लॉटच 75 वॅटपर्यंत वीज पुरवतो, त्यामुळे अशा बहुतेक कार्डांना वेगळी वायर लागत नसे आणि भारी एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, खर्च वाचे. जानेवारी 2017 मध्ये इंटेलचा पेंटियम जी4560 आला. जाहीर किंमत 64 डॉलर, दोन कोर आणि चार थ्रेड, म्हणजे तोवर महागड्या आय3 मध्ये मिळणारी सोय. हा प्रोसेसर आणि 1050 टीआय ही त्या वर्षीची स्वस्तात मस्त जोडी होती. तेवढ्या पैशांत असं काम देणारा तयार संगणक मिळणं कठीण होतं.

त्याच वर्षी पुढच्या अडचणीची चाहूलही लागली. आभासी चलनाच्या 'मायनिंग'साठी जगभर ग्राफिक्स कार्डांची उचल सुरू झाली आणि 2017-18 मध्ये भाव चढले. सुदैवाने फेब्रुवारी 2018 मध्ये एएमडीने रायझन 3 2200जी आणला. 99 डॉलरच्या या प्रोसेसरमध्ये बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच होतं, त्यामुळे कार्ड पुढे ढकलता आलं. अट एकच : रॅमची एक पट्टी न लावता दोन लावायच्या. असं ग्राफिक्स रॅमवरच चालतं आणि दोन पट्ट्यांनी त्याचा वेग स्पष्ट वाढतो. सरकारी बाजूनेही थोडा हात मिळाला. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या मॉनिटरवर 28 टक्के कर होता. 1 जानेवारी 2019 पासून 32 इंचांपर्यंतचे मॉनिटर 18 टक्क्यांत आले.

फेब्रुवारी 2020 मध्ये एमजीबीएस ते जेबीएस मेट्रो सुरू झाली आणि मलकपेठेहून सिकंदराबादला जायला आणखी एक वाट मिळाली. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. शाळा-कॉलेजं घरात आली, संगणकांची मागणी वाढली, चिपचा तुटवडा पडला आणि त्यातच इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग पुन्हा भडकलं. फेब्रुवारी 2021 मध्ये आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड भारतात 29,500 रुपयांपासून मिळेल असं जाहीर झालं. प्रत्यक्षात त्या भावात ते मिळणं जवळपास अशक्य होतं, बाजारभाव कितीतरी वर गेला होता. मोठ्या कंपन्यांना चिपउत्पादकांकडून ठरलेल्या कराराने माल मिळत होता, म्हणून त्यांच्या तयार संगणकांत आणि गेमिंग लॅपटॉपमध्ये त्याच नावाचं कार्ड तुलनेने स्वस्तात पडू लागलं. वादाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वडिलांचं म्हणणं हिशेबाने बरोबर ठरलं. त्या वर्षी ज्यांनी हट्टाने सुटं कार्ड घेतलं, त्यांनी एका भागापायी सगळं बजेट घालवलं.

15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डावरचं त्याचं मायनिंग एका दिवसात बंद पडलं. आधीच उतरू लागलेले भाव आणखी खाली आले. इंटेलचा आय3-12100एफ किंवा एएमडीचा रायझन 5 5600, सोबत आरएक्स 6600 हे कार्ड, अशी जुळवणी पुन्हा परवडू लागली. ज्यांचं बजेट याहून कमी होतं त्यांना आणखी एक मार्ग होता. हायटेक सिटीसारख्या ठिकाणच्या कार्यालयांतून निघालेला जुना संगणक घ्यायचा आणि त्यात वीज कमी खाणारं कार्ड बसवायचं. हा मार्ग आजही आहे, पण आता एक गोष्ट तपासावी लागते. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांना अधिकृतपणे घेत नाही.

2025 च्या अखेरीला पुन्हा चक्र फिरलं. या वेळी तंगी रॅमची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात आणि त्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं. मायक्रॉनने तर 3 डिसेंबर 2025 रोजी 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक कमी आले की मलकपेठच्या बाजारात काय होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रॅमच्या पट्ट्यांचं तेच झालं, भाव काही महिन्यांत दुपटीच्याही पुढे गेले. अशा वेळी जुन्या साठ्यातला तयार संगणक सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडू शकतो. घरात डीडीआर4 रॅम असेल, तर ती चालेल असाच मदरबोर्ड घेणं शहाणपणाचं.

या सगळ्यात काही गोष्टी मात्र बदलल्या नाहीत. स्वस्त तयार संगणकात काटछाट नेहमी न दिसणाऱ्या जागी होते : हलका एसएमपीएस, रॅमची एकच पट्टी, हवा न खेळणारं कॅबिनेट. हैदराबादच्या चाळिशी गाठणाऱ्या मे महिन्यात याची किंमत मोजावी लागते. काही कंपन्यांचे मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचे असतात, पुढे बदलायची सोय राहत नाही. उलट जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, बहुधा तीन वर्षांची किंवा जास्त. पण बिघाड शोधायचा आपण आणि भाग घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचंही आपणच. ज्या घरात हे करणारं कुणी नाही, त्या घराने कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो अशा वॉरंटीसाठी थोडे जास्त पैसे मोजले, तर त्यात काही चूक नाही.

म्हणून खरेदीला निघण्याआधी कागद घ्या. आवडलेल्या तयार संगणकातला एकेक भाग लिहा, एसएमपीएसच्या वॅटसकट, आणि समोर त्या दिवशीचा सुटा भाव मांडा. विंडोजच्या परवान्याची किंमत विसरू नका. सगळे भाव स्थिर असतील तर जुळवा. एखाद्या भागाची टंचाई असेल तर तयार घ्या किंवा शक्य असेल तर थांबा. आणि काहीही घेतलंत तरी जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर भागांचे सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका.