प्रश्न घेऊन निघालेली सहल

शाळेत पाहुणे बोलवायचे ठरले की स्वागत कोण करणार, आभार कोण मानणार, हे आधी ठरते. मुले काय विचारणार, याची तयारी क्वचितच होते. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. मुलाला घरी जाऊन विचार करावा लागे. पाहुण्याच्या भाषणापेक्षा त्याने मागे ठेवलेले काम मोलाचे, असे मला वाटते ते यासाठीच.

पुण्याच्या ‘आयुका’त, म्हणजे नारळीकरांनी १९८८ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेत, शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू झाली. तिथल्याच मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मुलांच्या हाती देत. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. हे स्वतः करून पाहिलेली मुलगी विजेच्या मनोऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहते आणि त्यात इतके त्रिकोण का, हे तिला कुणी सांगावे लागत नाही.

नारायणगावजवळच्या खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि उरलेल्या तीन दिशांना, कित्येक किलोमीटर लांबवर पसरलेल्या. सहलीतली मुले आकार पाहून थक्क होतात, फोटो काढतात आणि बसमध्ये चढतात. पण अँटेनाचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा आहे. जाळीला भोके असताना आकाशातून आलेल्या लहरी त्यातून निसटत का नाहीत? हा प्रश्न आदल्या आठवड्यात वर्गात निघालेला असेल तर सहलीला वेगळा अर्थ येतो. इथे टिपल्या जाणाऱ्या लहरींची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते, भोके त्या मानाने फार लहान. त्यामुळे लहर परावर्तित होते आणि वारा मात्र आरपार जातो. सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च वाचला तो याच युक्तीने. नववीतल्या विद्यार्थ्याला हे पुरते समजते.

खोडदला २८ फेब्रुवारीच्या, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने प्रदर्शन भरते, तेव्हा गावोगावच्या शाळांतली मुले आपापले प्रयोग मांडायला येतात. त्या दिवशी पाहुणेही तीच आणि वक्तेही तीच. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपले उपकरण समजावून सांगताना त्यांचे स्वतःचे समजणे पक्के होते.

तरीही ही सगळी एका दिवसाची गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याहून खोल जाण्यासाठी. हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधन सोडून ते गावात राहायला आले. त्यांनी घडवलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञाना’च्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, स्वयंपाकातले पोषण. शिकवायला गावातले कारागीरही येतात आणि तयार झालेली वस्तू किंवा सेवा गावाच्या उपयोगी पडते. चुकीच्या मापाची खिडकी चौकटीत बसत नाही, तेव्हा भूमितीतली चूक उत्तरपत्रिकेबाहेर दिसते.

गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्यात नयी तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याचा, विचार मांडला, त्याच वाटेवरचे हे काम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, त्यात सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायची कल्पना आहे. ती चांगली आहे, पण दहा दिवसांत रंधा हातात बसत नाही. खरी गरज नववी-दहावीच्या वेळापत्रकात पाबळसारखा आठवड्याचा एक दिवस कायमचा राखण्याची आहे. गावातल्या वायरमनला किंवा विहीर खोदणाऱ्याला त्या दिवशी वर्गात बोलवावे आणि त्याला शिक्षकाइतकेच मानधन द्यावे.